साथ लपवून रुग्णालयाची अब्रू वाचत नाही

मे २०१८चा पहिला आठवडा. केरळमधल्या पेरांब्राच्या तालुका रुग्णालयातून एका तरुण रुग्णाला कोझिकोडच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात हलवले होते. ताप उतरत नव्हता, खोकला थांबत नव्हता, शुद्ध हरपत चालली होती. सीटी स्कॅनसाठी त्याला क्ष-किरण विभागाच्या बोळात आणले, तेव्हा तिथे कुठल्याही मोठ्या सरकारी रुग्णालयात असते तशीच गर्दी होती. स्ट्रेचर, व्हीलचेअर, हातात कागद धरून नंबरची वाट पाहणारे रुग्ण आणि त्यांना आधार देत उभे असलेले नातेवाईक. त्याच दिवशी, ५ मे रोजी, तो तरुण दगावला. मेंदूज्वराने माणूस जाणे त्या रुग्णालयाला नवीन नव्हते.

पुढच्या दोन-तीन आठवड्यांत त्या बोळातल्या कित्येकांना ताप भरला. ते तिथे आले होते दुसऱ्याच दुखण्यासाठी, नाहीतर दुसऱ्याच कुणाच्या सोबतीला. घरी परतले ते निपा विषाणू घेऊन.

प्रयोगशाळेत खात्री झालेले रुग्ण १८. त्यातले १६ गेले. बहुतेकांना लागण झाली ती घरात नाही, शेतात नाही, बाजारात नाही. बरे व्हायला जिथे जायचे, त्या रुग्णालयांतच झाली. पहिल्या रुग्णाची पेरांब्रात शुश्रूषा करणारी परिचारिका लिनी पुथुसेरी २१ मे रोजी गेली. तिच्यामागे दोन लहान मुले राहिली.

रुग्णालयात साथ पसरते, ही गोष्ट आपल्याकडे अजून कुजबुजत सांगितली जाते. नवजात बालकांच्या कक्षात एकापाठोपाठ एक बाळ आजारी पडते, अतिदक्षता विभागात तीन रुग्णांच्या रक्तात एकच जंतू सापडतो, डायलिसिसच्या रुग्णांना कावीळ निघते. तेव्हा रुग्णालयात पहिली हालचाल होते ती शोध घेण्याची नव्हे, झाकण्याची. बातमी बाहेर गेली तर रुग्ण येणार नाहीत, नातेवाईक तोडफोड करतील, चौकशी लागेल, कुणाची तरी नोकरी जाईल. या भीतीपोटी जे दिवस वाया जातात, नेमके त्याच दिवसांत साथ एका वॉर्डातून दुसऱ्या वॉर्डात जाते. म्हणून महाराष्ट्रातल्या प्रत्येक मोठ्या रुग्णालयासाठी एक नियम स्पष्ट हवा: साथीचा संशय आला की २४ तासांत आरोग्य अधिकाऱ्यांना कळवायचे आणि रुग्ण-नातेवाइकांना सांगायचे. कळवणाऱ्याला शिक्षा नाही, लपवणाऱ्याला आहे.

कोझिकोडमध्ये साथ आटोक्यात आली, कारण कुणीतरी वेळेवर शंका घेतली. १७ मे रोजी त्या पहिल्या तरुणाचा भाऊ कोझिकोडच्याच बेबी मेमोरियल रुग्णालयात दाखल झाला. अतिदक्षता विभागाचे डॉ. अनूप कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरच्यांकडे विचारपूस केली. बारा दिवसांपूर्वी याचा भाऊ असाच गेला आणि घरातली आणखी माणसेही आजारी आहेत, हे त्यांना कळले. एका घरात एकामागून एक असा मेंदूज्वर, तोही इतका जलद, हे नेहमीचे नव्हते. नमुने मणिपालच्या विषाणू संशोधन केंद्रात गेले. तिथे डॉ. अरुणकुमार यांच्या चमूला निपा आढळला आणि २० मे रोजी पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने, म्हणजे आपल्या एनआयव्हीने, त्यावर शिक्कामोर्तब केले. हा भाऊ दाखल झाल्यापासून जेमतेम तीन दिवसांत शत्रूचे नाव कळले होते.

हे तीन दिवस किती मोलाचे, ते सिलिगुडीशी तुलना केली की कळते. पश्चिम बंगालमधल्या या शहरात २००१च्या जानेवारी-फेब्रुवारीत अशाच तापाची साथ आली. ६६ जण आजारी पडले, त्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश दगावले. त्यांत रुग्णालयांतले कर्मचारी होते, रुग्णांना भेटायला आलेली माणसे होती. त्या वेळच्या तपासण्यांत कुठलाच जंतू हाती लागला नाही. जपून ठेवलेले नमुने पुन्हा तपासले गेले आणि तो निपा होता हे २००६ साली प्रसिद्ध झाले. त्या शोधनिबंधातही पुण्याच्या एनआयव्हीचे शास्त्रज्ञ होते. एकच विषाणू, एकच देश. सिलिगुडीत नाव कळायला पाच वर्षे लागली, कोझिकोडला तीन दिवस.

नाव कळल्यावरही खरे काम पुढेच असते, आणि ते चकचकीत यंत्रांपेक्षा वही-पेन्सिलीने जास्त होते. साथीचा शोध घेणारा आधी रुग्णाची व्याख्या ठरवतो: अमुक तारखेनंतर, अमुक ठिकाणी, अमुक लक्षणे असलेला तो रुग्ण. मग यादी करतो. नाव, वय, कुठल्या वॉर्डात, कुठल्या खाटेवर, कधी दाखल झाला, ताप कधी आला, कुठल्या तपासण्यांना नेले, कुणी सलाईन लावले, सोबत कोण होते. या यादीला आरोग्य खात्यात सगळे लाइन लिस्ट म्हणतात. एकेका रकान्यासाठी चार-चार जणांना विचारावे लागते. रुग्ण बेशुद्ध असेल तर आईला, आई नसेल तर शेजारच्या खाटेवरच्या माणसाला.

मग त्या तारखा कागदावर मांडायच्या. एकाच दिवशी एकदम उंच टोक दिसले तर सगळ्यांना मिळून एकाच ठिकाणाहून लागण झाली असावी, म्हणजे दूषित औषध, दूषित अन्न किंवा एखादे उपकरण तपासायचे. ठरावीक अंतराने टेकड्या दिसल्या तर माणसाकडून माणसाला. कोझिकोडमध्ये लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत सहा ते चौदा दिवस गेले होते. त्या हिशेबाने मागे मागे जात तपास करणारे ५ मेपाशी आणि त्या बोळापाशी पोहोचले. नातेसंबंध नाही, गाव एक नाही, आजार वेगळा. पण त्या दिवशी, त्या वेळी, त्या जागी ही सगळी माणसे होती. दोन हजारांहून अधिक लोकांची संपर्क-यादी तयार झाली आणि त्यांच्यावर लक्ष ठेवले गेले. तत्कालीन आरोग्यमंत्री के. के. शैलजा रोजची आकडेवारी लोकांसमोर मांडत होत्या. जूनच्या सुरुवातीनंतर नवा रुग्ण सापडला नाही.

आता एक उलट उदाहरण. दक्षिण कोरियात २०१५ साली मर्स या विषाणूजन्य श्वसनविकाराची साथ आली. आखाती देशांतून परतलेला एक प्रवासी तापाने फणफणत या रुग्णालयातून त्या रुग्णालयात फिरत राहिला आणि २० मे रोजी त्याचे निदान झाले. त्याच्याकडून लागण झालेला एक रुग्ण, नोंदीतला चौदावा, सोलच्या नामांकित सॅमसंग मेडिकल सेंटरच्या तातडीच्या विभागात २७ ते २९ मे असे तीन दिवस होता. विभाग खचाखच भरलेला. या रुग्णाला मर्स असू शकेल, हे तिथल्या डॉक्टरांना माहीत असण्याची सोयच नव्हती, कारण आधीच्या कुठल्या रुग्णालयात साथ आहे हे सरकारने जाहीर केले नव्हते. नंतर हिशेब मांडला तेव्हा त्या एका माणसाच्या वाऱ्याला १,५७६ जण आले होते असे दिसले. त्यातल्या ८२ जणांना मर्स झाला: ३३ रुग्ण, ८ कर्मचारी आणि ४१ भेटायला किंवा सोबतीला आलेली माणसे.

शेवटचा आकडा मराठी वाचकाने पुन्हा वाचावा. निम्मी लागण नातेवाइकांना झाली. कोरियातही आपल्यासारखेच आहे. आजारी माणसाजवळ घरचे कुणीतरी बसणार, भरवणार, रात्री खाटेशेजारी झोपणार.

लोक रुग्णालयांची नावे विचारत होते, अफवा पसरत होत्या. सरकारने ७ जूनला नावे जाहीर केली. तोवर साथ कितीतरी रुग्णालयांत शिरली होती. एकूण १८६ रुग्ण, ३८ मृत्यू. ज्या प्रतिष्ठेला जपायचे म्हणून नावे झाकली, ती काही वाचली नाही. सॅमसंग रुग्णालयाला आपले बरेचसे कामकाज थांबवावे लागले आणि सॅमसंग इलेक्ट्रॉनिक्सचे उपाध्यक्ष ली जे-याँग यांनी देशापुढे मान झुकवून माफी मागितली. त्यानंतर साथीची माहिती लोकांना देणे सरकारवर बंधनकारक करणारी दुरुस्ती कोरियाच्या कायद्यात झाली.

ही गोष्ट फक्त विषाणूंची आणि गर्दीची नाही. अमेरिकेत वॉशिंग्टनजवळ बेथेस्डा इथे राष्ट्रीय आरोग्य संस्थेचे संशोधन रुग्णालय आहे. पैसा, यंत्रे, तज्ज्ञ, कशाचीच तिथे वाण नाही. जून २०११ मध्ये न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयातून तिथे एक महिला आली. तिच्या अंगात क्लेब्सिएला हा जिवाणू होता आणि जवळपास कुठल्याच प्रतिजैविकाला तो दाद देत नव्हता. रुग्णालयाला हे ठाऊक होते. तिला वेगळे ठेवले, हातमोजे-गाऊनची शिस्त पाळली. जुलैत ती बरी होऊन गेली. सगळ्यांना वाटले, निभावले. ऑगस्टमध्ये दुसऱ्या रुग्णात तोच जिवाणू निघाला, मग तिसऱ्यात, मग दर आठवड्याला एक.

जिवाणूची संपूर्ण जनुकीय मांडणी वाचली तेव्हा उलगडा झाला. सगळ्यांचे मूळ ती पहिली महिलाच होती. पण रुग्ण सापडण्याचा क्रम आणि लागण होण्याचा क्रम वेगळा होता. काही जण आठवडेच्या आठवडे कसलेही लक्षण न दाखवता जिवाणू बाळगून होते आणि त्यांच्यापासून तो पुढे जात होता. स्वच्छ करून ठेवलेल्या व्हेंटिलेटरवर तो सापडला, बेसिनच्या निचऱ्याच्या नळीत सापडला. मग रुग्णालयाने अतिदक्षता विभागात भिंत उभारून बाधितांची जागा वेगळी केली, नळकाम उखडले आणि प्रत्येकजण हात धुतो की नाही हे पाहायला चोवीस तास माणसे उभी केली. एकूण १८ जणांना लागण झाली, ११ दगावले. त्यातल्या सहा मृत्यूंचे कारण थेट हा जिवाणू होता.

या रुग्णालयाने शोध उत्तम घेतला, पण बाहेर सांगितले नाही. ऑगस्ट २०१२ मध्ये शोधनिबंध छापून आला तेव्हा आसपासच्या लोकांना कळले आणि टीकेचे मोहोळ उठले. जगातल्या सर्वोत्तम संस्थेलाही न सांगण्याचा मोह आवरत नाही. म्हणूनच ही गोष्ट रुग्णालयाच्या मर्जीवर सोडता येत नाही.

महाराष्ट्राला याचा अनुभव नाही असे नाही. एप्रिल २०२०मध्ये मुंबई सेंट्रलच्या एका खासगी रुग्णालयात २६ परिचारिका आणि ३ डॉक्टरांना करोनाची लागण झाल्याचे निष्पन्न झाले आणि महापालिकेला ते रुग्णालयच प्रतिबंधित क्षेत्र म्हणून बंद करावे लागले. आतले आत, बाहेरचे बाहेर. निपाही आपल्यापासून फार लांब नाही. महाबळेश्वरच्या गुहेतून मार्च २०२०मध्ये पकडलेल्या वटवाघळांत निपाविरुद्धची प्रतिपिंडे आढळल्याचे एनआयव्हीच्याच शास्त्रज्ञांनी २०२१मध्ये प्रसिद्ध केले. घाबरून जाण्याचे त्यात काही नाही, महाराष्ट्रात माणसाला निपा झाल्याची नोंद त्यात नव्हती. पण साताऱ्या-पुण्याच्या एखाद्या कॅज्युअल्टीत उद्या असा रुग्ण आला तर तिथला डॉक्टर शंका घेईल का, आणि घेतली तर ती बोलून दाखवेल का, हा प्रश्न खरा आहे.

आणि निपा हा विरळा पाहुणा. रोजचे दुखणे वेगळे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२च्या अहवालानुसार आपल्यासारख्या देशांत रुग्णालयात दाखल होणाऱ्या दर १०० रुग्णांपैकी १५ जणांना तिथेच एखादा संसर्ग होतो. श्रीमंत देशांत हे प्रमाण ७ आहे. असा संसर्ग झालेल्या दर दहांपैकी एकाचा जीव जातो. या माणसांची बातमी होत नाही. मृत्यूच्या दाखल्यावर मूळ आजार लिहिला जातो आणि घरचे नशिबाला बोल लावून गप्प बसतात.

रुग्णालये चालवणाऱ्यांची बाजूही ऐकायला हवी. डॉक्टरांवर हल्ले होतात, काचा फुटतात. त्यासाठी महाराष्ट्राला २०१०मध्ये वेगळा कायदा करावा लागला. एखादा डॉक्टर पुढे येऊन ‘आमच्या वॉर्डात साथ आहे’ म्हणाला, तर खाली जमलेला जमाव त्याचे कौतुक करील अशी हमी कोण देणार? ही भीती खोटी नाही. पण तिच्यावरचा उपाय मौन नाही, कारण लपवलेली गोष्ट कधीतरी फुटतेच, आणि फुटते तेव्हा जमाव दुप्पट संतापलेला असतो. सांगण्याचे काम एकट्या डॉक्टरवर टाकू नये. जिल्हा किंवा महापालिका आरोग्य अधिकाऱ्याने ते करावे, आकड्यांसह करावे, आणि रुग्णालय काय उपाय करते आहे तेही त्याच दमात सांगावे. केरळने हेच केले. तिथेही लोक घाबरले होते, पण रोज खरा आकडा मिळत होता.

यासाठी लागणारी रचना डोईजड नाही. प्रत्येक मोठ्या रुग्णालयात पूर्णवेळ संसर्ग-नियंत्रण परिचारिका हवी. जागतिक आरोग्य संघटनेचा किमान निकष २५० खाटांमागे एक प्रशिक्षित व्यक्ती असा आहे. हे काम वॉर्ड सांभाळून फावल्या वेळात करायचे नाही, आणि त्या सिस्टरला नुसता हुद्दा देऊन भागत नाही. एकाच वॉर्डात एकाच जंतूचे तीन रुग्ण दिसले की नवे रुग्ण तिथे घेऊ नका, असे ती म्हणाली तर अधीक्षकांनी ते ऐकले पाहिजे. केंद्र सरकारने जानेवारी २०२०मध्ये संसर्ग-नियंत्रणाची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे काढली. साथींची माहिती गोळा करणारा एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम २००४पासून चालू आहे. कागद तयार आहे. त्यामागे कायद्याचे बळ आणि पगारी माणूस उभा करायचा आहे.

दुसरी गोष्ट मामा आणि मावशींची. वॉर्डातला कचरा, मळकी चादर, उलटी, लघवीचे भांडे ज्यांच्या हातातून जाते, त्यांतले कितीतरी जण ठेकेदाराकडे रोजावर असतात. ताप आला म्हणून घरी राहिले तर रोज बुडतो, म्हणून गोळी घेऊन कामावर येतात. साथीच्या चौकशीत मात्र पहिले बोट त्यांच्याकडेच वळते. आजारी असताना भरपगारी रजा, मापाचे हातमोजे, दोन पाळ्यांत पुरतील इतके साबण-पाणी आणि साथीच्या काळात एका वॉर्डाच्या मावशीला दुसऱ्या वॉर्डात न पाठवणे, हे संसर्ग-नियंत्रणाच्या यंत्रसामग्रीइतकेच गरजेचे आहे.

तिसरी नातेवाइकांची. आपली रुग्णालये त्यांच्याच बळावर चालतात. रक्ताची बाटली आणणे, स्ट्रेचर ढकलणे, तपासणीचा रिपोर्ट आणणे, डब्यातले चार घास भरवणे ही कामे घरचेच करतात. त्यांना पहारेकऱ्याकरवी हाकलून भागणार नाही. रुग्णाबरोबर एकच माणूस, त्याचे नाव आणि फोन नोंदलेला, त्याला मास्क आणि हात धुण्याची सोय, आणि वॉर्डात संसर्ग पसरला असेल तर ते सांगणारी चार ओळींची मराठी पाटी. एवढे केले तरी सोलच्या त्या विभागातल्या ४१ माणसांसारखी आपली माणसे अंधारात राहणार नाहीत. वाचकांनीही आपल्या माणसाला दाखल करताना इथे संसर्ग-नियंत्रणाचे काम कोण पाहते, हे विचारायला संकोच करू नये. तो रुग्णाचा हक्क आहे.

केरळला पुढेही निपाने सोडले नाही. २०२३मध्ये कोझिकोड जिल्ह्यातच पहिल्या रुग्णाचे निदान त्याच्या मृत्यूनंतर झाले, आणि त्या साथीत सहा जणांना लागण होऊन दोघे गेले. लागण झालेल्यांत रुग्णालयाचा एक कर्मचारी होता. पुण्याहून एनआयव्हीची फिरती प्रयोगशाळा तिथे धाडण्यात आली. शंका घ्यायला उशीर झाला की काय होते, ते पुन्हा दिसले.

शंका वेळेवर घेतली तर काय होते, तेही केरळनेच दाखवले आहे. जून २०१९मध्ये एर्नाकुलममध्ये एका महाविद्यालयीन विद्यार्थ्याला निपा झाल्याचे निष्पन्न झाले. त्याला ताबडतोब वेगळे ठेवले, बातमी त्याच दिवशी जाहीर केली, त्याच्या संपर्कातल्या तीनशेहून अधिक जणांवर लक्ष ठेवले. त्यांत त्याची शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकाही होत्या. त्यातल्या एकालाही निपा झाला नाही. जुलैत तो विद्यार्थी बरा होऊन घरी गेला.